पॅकराफ्ट सॅकमध्ये टाकण्याआधी

पहिल्यांदाच स्वतःचं किंवा भाड्याचं पॅकराफ्ट (म्हणजे हवा भरून फुगवायची, घडी करून सॅकमध्ये मावणारी हलकी होडी) घेऊन नदीवर निघणार असाल तर लगेच सॅक भरायला बसू नका, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. आपल्याकडे पावसाळा संपला की राफ्ट चालेल एवढं पाणी ज्या नदीला असतं ते बहुतेक वेळा वरच्या कुठल्या तरी धरणाचं किंवा वीजघराचं असतं. कोलाडच्या कुंडलिकेचंच बघा ना, मुळशी धरणाचं पाणी घाटावरून पाइपातून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, तिथे वीज तयार होते (हे वीजघर 1927 पासून चालू आहे) आणि ते पाणी पुढे कुंडलिकेत येतं, म्हणून ऐन डिसेंबरातही तिथे राफ्टिंग होतं. म्हणजे त्या नदीचा भरती-ओसरतीचा टाइम विजेच्या गरजेवर ठरतो, आपल्या सुट्टीवर नाही. त्यामुळे यादीतली पहिली गोष्ट म्हणजे फोन. आदल्या दिवशी तिथल्या राफ्टिंगवाल्यांना, नाहीतर गावातल्या कुणाला तरी विचारायचं की उद्या पाणी सुटणार का, किती वाजता, आणि किती वेळ चालू राहील. सकाळी काठावर पोचल्यावर परत तेच विचारायचं, टपरीवर चहा घेताना "काका, पाणी कधी येतं हो?" एवढं विचारलं तरी पुरतं, नदीकाठच्या माणसाला ते घड्याळासारखं माहीत असतं.

दुसऱ्या नद्यांवर हा प्रश्न जास्तच गंभीर होतो, कारण तिथे रोज पाणी सुटत नाही आणि सुटतं तेव्हा खाली कोण आहे हे वर कुणाला दिसत नसतं. 8 जून 2014 ला हिमाचलमध्ये बियासच्या पात्रात हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं दगडांवर फोटो काढत उभी होती, वरच्या लारजी धरणातून पाणी सुटलं आणि 24 विद्यार्थी वाहून गेले. ती मुलं पोहायलाही उतरली नव्हती. बातमीत "1000 क्युसेक विसर्ग" असं वाचलं की डोळ्यासमोर काही येत नाही, पण त्याचा अर्थ सेकंदाला साधारण 28 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर दर सेकंदाला. कोयनेच्या पायथा वीजगृहातून 1050 किंवा 2100 क्युसेक सोडलं अशी बातमी असते ती या हिशोबाने वाचा. काठावर पोचल्यावर मी पहिलं काम काय करतो सांगतो, पाण्याच्या कडेला जिथे ओली रेघ आहे तिथे एक काडी रोवतो आणि नदीतला एखादा अर्धा बुडालेला दगड नजरेत धरून ठेवतो, मग राफ्ट फुगवायला घेतो. वीस मिनिटांनी काडी पाण्यात असेल, दगड दिसत नसेल, पाणी अचानक गढूळ झालं असेल किंवा वरून पालापाचोळा आणि फेस यायला लागला असेल तर पाणी चढतंय, अशा वेळी सामान गोळा करत बसायचं नाही, आधी माणसं वर.

आता बंधारे. याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण परदेशातले व्हिडिओ बघून पॅकराफ्टिंग शिकणाऱ्या आपल्या पोरांना मोठमोठे रॅपिड (दगडांतून उसळत जाणारं जोराचं पाणी) भीतीदायक वाटतात आणि कोल्हापुरी बंधारा मात्र साधा वाटतो. खरं तर उलटं आहे. बंधाऱ्यावरून पाणी सगळीकडे सारखं खाली पडतं आणि पायथ्याशी गोल फिरून परत बंधाऱ्याच्या भिंतीकडेच येतं, त्या फेऱ्यात माणूस, ओंडका, राफ्ट जे काही पडेल ते तिथेच फिरत राहतं, आणि ते पाणी फेसाळ असल्यामुळे त्यात तरंगायलाही नीट होत नाही. चांगला पोहणाराही यातून सुटेल याची काही खात्री नाही. शिवाय वरून येताना बंधारा दिसतच नाही, फक्त पुढचं पाणी एका आडव्या रेघेत संपल्यासारखं वाटतं आणि आवाज येतो. पावसाळ्यानंतर पाणी अडवायला खांबांच्या मध्ये बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घातलेले असतात, मधले काही बर्गे काढलेले असले तर त्या फटीतून पाणी जोरात खेचलं जातं आणि माणूस दोन खांबांच्या मध्ये अडकतो, ते तर अजूनच वाईट. म्हणून घरी बसून मॅपच्या सॅटेलाइट व्ह्यूवर तुमचा पूर्ण पट्टा वरपासून खालपर्यंत बोट फिरवत बघा, प्रत्येक बंधारा, प्रत्येक फरशी पूल, प्रत्येक जुना मोडका साकव मार्क करा, आणि तिथे किमान शंभर मीटर आधी काठाला लागून राफ्ट खांद्यावर घेऊन चालत पुढे जायचं हे आधीच ठरवा. पॅकराफ्टचा मोठा फायदाच हा आहे की ते उचलून चालता येतं. बंधाऱ्यावरून उडी टाकून बघू असं ग्रुपमध्ये कुणी म्हणालं तर त्याला त्या दिवशी पाण्यात नेऊ नका, मी खरंच सांगतोय.

मॅप बघतानाच अजून काही गोष्टी शोधा. कडेला पडलेली झाडं, खास करून वळणाच्या बाहेरच्या बाजूला, उंबर करंज वाळुंज असली काठावरची झाडं पुरात मुळासकट आडवी होतात आणि त्यांच्या फांद्यांतून पाणी आरपार जातं पण माणूस जात नाही, तो तिथे दाबून राहतो. मासेमारीची जाळी आणि दोऱ्या. शेतीपंपांचे पाइप आणि लोंबणाऱ्या वायरी, आपल्या नद्यांवर या इतक्या असतात आणि कुठली चालू आहे ते बघून कळत नाही, वायर पाण्याला टेकलेली दिसली की लांबूनच काठ धरायचा. वाळू उपशाचे खड्डे, जिथे गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल थेट डोहात जातं. काळ्या कातळातले रांजणखळगे, निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत तसे, बघायला सुंदर पण त्यात पाय अडकला तर सुटत नाही. आणि मगरी, सांगलीच्या बाजूला कृष्णेत, चिपळूणला वाशिष्ठीत, महाडला सावित्रीत, तिथे पॅकराफ्ट नकोच.

सामानाकडे येतो. पॅकराफ्टचं सगळं कौतुकच वजनासाठी आहे, अलास्कात शेरी टिंगी नावाच्या बाईंनी 2000 च्या आसपास आपल्या मुलासाठी हलकी आणि टिकाऊ होडी शिवायला घेतली आणि त्यातून आजची पॅकराफ्ट आली, चालत जायचं, नदी लागली की होडी काढायची, पलीकडे परत सॅकमध्ये. दोन ते चार किलोची होडी एसटीच्या रॅकवर मावते हे आपल्यासारख्या ट्रेकरला भारीच वाटतं. पण आपल्याला ग्राम-ग्राम वजन वाचवायची जी सवय असते ती इथे जीवावर येते. लाइफ जॅकेट, हेल्मेट, थ्रो बॅग (पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोराची पिशवी), शिट्टी आणि एक सुरी हे सगळं मिळून दोन-अडीच किलो होतं आणि यातलं काहीही घरी ठेवायचं नाही, जागा नसेल तर टेंट ठेवा, स्टोव्ह ठेवा, कॅमेरा ठेवा.

जॅकेट किनाऱ्यावर बोटीत मिळतं तसलं गळ्यात अडकवायचं नको, नदीवर वापरायचं, अंगाला घट्ट बसणारं घ्या. टेस्ट सोपी आहे, सगळे पट्टे आवळून मित्राला दोन्ही खांद्यांवरून जॅकेट वर खेचायला सांगा, ते कानापर्यंत आलं तर ढिलं आहे. हेल्मेट सायकलचं चालणार नाही, कान आणि डोक्याची मागची बाजू झाकणारं पाहिजे, कारण आपल्या नद्या म्हणजे नुसता कातळ. थ्रो बॅगमध्ये पंधरा-वीस मीटर तरंगणारा दोर असतो आणि तो घरासमोर, सोसायटीच्या ग्राउंडवर वीस वेळा फेकून बघा, पहिल्या पाच वेळा तो भलतीकडेच जातो. आमच्या दुसऱ्याच ट्रिपला एक जण उलटला आणि तेव्हा आमची थ्रो बॅग माझ्या सॅकच्या तळाशी कपड्यांखाली होती, ती काढेपर्यंत तो शंभरेक मीटर खाली गेला होता, सुदैवाने पुढे संथ डोह होता म्हणून काठाला लागला. त्या दिवसापासून थ्रो बॅग माझ्या दोन पायांच्या मध्ये असते, क्लिपला लावलेली, एका हाताने सुटेल अशी. आणि दोर कमरेला किंवा मनगटाला कधीच बांधायचा नाही, राफ्टला स्वतःला बांधून घ्यायचं तर अजिबातच नाही, वाहत्या पाण्यात दोर कुठेतरी अडकला की तुम्ही पाण्याखाली जाता. सुरी त्यासाठीच आहे, जॅकेटवर बाहेर लावलेली, दोन्ही हातांना पोचेल अशी.

बाकी किरकोळ पण विसरू नये असं. फुगवायची पिशवी, चार तुकड्यांचं वल्हं आणि शक्यतो ग्रुपमध्ये एक जास्तीचं. पॅच, टेप, पुसायला अल्कोहोलचे वाइप्स, कारण ओल्या किंवा धुळीच्या कापडावर टेप चिकटत नाही. बंद बूट, चपला नाही, सँडल पण नाही. सुके कपडे, फोन, औषधं ड्राय बॅगमध्ये, फोन शिवाय वेगळ्या पाऊचमध्ये अंगावर, कारण राफ्ट वाहून गेलं तर फोन तुमच्याकडे पाहिजे. कॉटनची जीन्स घालून कुणी आलं तर बदलायला लावा. कोलाडला हवा गरम असते पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी भिजून वाऱ्यात तासभर बसलं की बोटं वळत नाहीत, आणि ऋषिकेशला गंगेवर जाणार असाल तर बर्फाचं पाणी असतं, तिथे वेटसूटशिवाय नको. पायाला जखम असेल तर कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला किंवा लगेच नंतर पाण्यात जाऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) धोका असतो, आणि पुढच्या महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरला नदीत गेलो होतो हे आवर्जून सांगा.

राफ्ट फुगवल्यावर एक काम बरेच जण विसरतात. काठावर कडक वाटणारं राफ्ट पाण्यात घातलं की आतली हवा गार होऊन ते मऊ पडतं, मग पाण्यात दोन मिनिटं ठेवून परत फुगवायचं. आणि दुपारी जेवायला थांबताना फुल फुगवलेलं राफ्ट तापलेल्या कातळावर ठेवलं तर हवा गरम होऊन शिवण फाटू शकते, थोडी हवा सोडा, सावलीत ठेवा आणि आत दगड ठेवा, रिकामं पॅकराफ्ट वाऱ्याच्या एका झुळकीत पतंगासारखं उडून मधल्या धारेत जातं.

हे सगळं झालं तरी नदीवर जायच्या आधी एक दिवस संथ पाण्यात घालवा, पोहता येणाऱ्या माणसानेसुद्धा. पवना किंवा भंडारदऱ्याचं काठालगतचं पाणी, सकाळी वारा सुटायच्या आधी, जॅकेट घालून. तिथे मुद्दाम उलटं पडा आणि परत राफ्टमध्ये चढा. राफ्टची पलीकडची बाजू पकडायची, पाय मागे पाण्याच्या वर येतील असे जोरात मारायचे आणि पोटावर घसरत आत जायचं. पहिल्या दिवशी हे जमत नाही, दमल्यावर तर नाहीच, म्हणून दहा वेळा जमेपर्यंत नदी पुढे ढकला. स्प्रे स्कर्ट (कमरेभोवती बसणारं, होडीत पाणी येऊ न देणारं झाकण) किंवा मांड्या होडीला धरून ठेवणारे पट्टे पहिल्या वर्षी लावूच नका. आणि पहिल्यांदा कुंडलिकेवर जाल तेव्हा आधी पैसे देऊन मोठ्या राफ्टमधून गाइडबरोबर तो साधारण 12 किलोमीटरचा पट्टा करा, कुठे वळण, कुठे दगड, कुठे थांबायचं ते बघून ठेवा, आणि स्वतःचं राफ्ट दुसऱ्या दिवशी. पावसाळ्यातल्या तांबड्या पाण्यात जायचा विचार तर सोडूनच द्या, तेव्हा नदीत ओंडके वाहत असतात आणि काठच नसतो. ऋषिकेशलासुद्धा जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद ठेवतात.

ग्रुप कमीत कमी तिघांचा. एक पडला तर एक दोर टाकतो, एक राफ्ट आणि वल्हं गोळा करतो. खुणा काठावर ठरवून घ्या कारण पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही: वल्हं उभं धरलं तर या, आडवं धरलं तर थांबा, हात डोक्यावर ठेवला तर मी ठीक आहे, तीन शिट्ट्या म्हणजे मदत पाहिजे. सगळ्यांकडून एकदा करून घ्या. आणि हे तोंडपाठ करून घ्या की पाण्यात पडलात तर पाठीवर झोपायचं, पाय वर आणि पाणी वाहतंय त्या दिशेला, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, म्हणजे दगड आला तर पायाने ढकलता येतो. उभं राहायचा प्रयत्न वाहत्या पाण्यात करायचा नाही, पाणी कमरेएवढं दिसलं तरी नाही, दगडाच्या फटीत पाय अडकतो आणि मागचं पाणी माणसाला तोंडावर पाडून तसंच दाबून धरतं. काठाजवळ संथ पाणी लागून ढुंगण टेकलं की मगच उठायचं. एकच अपवाद, पुढे आडवं झाड आलं आणि ते चुकवता येत नाहीये असं दिसलं तर पोटावर वळून जोरात पोहत त्याच्याकडे जायचं आणि छाती वर चढवायची, पाय पुढे करून गेलात तर फांद्यांखाली जाल.

घरी एका माणसाला लिहून पाठवा, कुठे उतरणार, कुठे बाहेर येणार, गाडी कुठे लावली, कोण कोण आहे, आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर 112 ला फोन करायचा. हे व्हॉट्सअपवर ग्रुपात टाकून चालत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. आमच्याकडे हे काम माझी ताई करते, ती चार वाजता फोन हातात घेऊन बसते. त्यामुळे काठावर आल्यावर, राफ्टची हवा काढायच्या आधी, कपडे बदलायच्या आधी, रेंज शोधून तिला "सगळे बाहेर आलो" एवढं कळवतो. मग माणसं मोजून, सामान मोजून, राफ्ट पुसून सावलीत वाळत घालतो, कारण ओलं घडी करून ठेवलं की कापडाला बुरशी धरते.