तरवा उपटण्याआधी जिभली बघा: भातातलं पाखड ओळखायची हीच वेळ

पुनर्वसूचा पाऊस धरला की कोकणात कुणाला उसंत नसते. चिखलणी झालेली, माणसं ठरलेली, तरवा म्हणजे वाफ्यात वाढवलेली भाताची रोपं उपटायची आणि खाचरात लावायची. त्या घाईत पाखड, म्हणजे भातासारखंच दिसणारं तण, भाताबरोबर मुठीत बांधलं जातं आणि आपल्याच हातांनी खाचरात लावलं जातं. मग भात पोटरीत आल्यावर त्याच्या वर पाखडाच्या लोंब्या डोलायला लागतात आणि औषधाची चौकशी सुरू होते. तेव्हा ती करून फायदा नसतो. या आठवड्यात दुसरं एखादं काम मागे पडलं तरी चालेल, पण मूठ बांधण्याआधी तरव्यात बसून रोपांची पानं वाकवून बघा.

खाचरात आपोआप उगवलेल्या पाखडापेक्षा लावलेलं पाखड जास्त नडतं. लावणीनंतर वापरायची प्रेटिलाक्लोर, ब्युटाक्लोर ही तणनाशकं उगवत्या बियाण्यावर चालतात. तीन आठवड्यांचं, मुळं धरलेलं रोप त्यांना दाद देत नाही. बेणणीला उतरलेल्या बाया ओळींच्या मधलं गवत काढतात. भाताच्या चुडातच, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडग्यातच, उभं असलेलं पाखड त्यांना भातच वाटतं. पानं चार-पाचच्या पुढे जाऊन फुटवे आले की बिसपायरिबॅकसारखं उगवणीनंतरचं औषधही त्याच्यावर कमी पडतं. म्हणजे हे गवत तिन्ही चाळण्यांतून सुटतं. शिवाय ऊन आणि उष्णता मिळाली की ते भातापेक्षा भराभर वाढतं. आठवडाभर उघडीप पडली तर भात जागच्या जागी राहतो आणि पाखड पुढे निघतं. यंदा तरव्याला अशी ओढ बसली असेल तर दुप्पट काळजी घ्या.

ओळखायचं कसं, ते सांगतो. रोपाचं वरून दुसरं, पूर्ण उघडलेलं पान धरा आणि पातं खोडापासून बाहेर वाकवा. पातं संपून खोडाला वेढणारं आवरण जिथे सुरू होतं, त्या सांध्याची आतली बाजू बघा. भाताला तिथे पातळ, पांढुरक्या पापुद्र्याची जिभली असते. ती लांबट, टोकदार आणि टोकाशी दुभंगलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना खोडाला मिठी मारणारे, लव असलेले दोन बारीक कान असतात. पाखडाला जिभली नाही आणि कानही नाहीत. सांधा कोरा, गुळगुळीत.

खूण एवढीच, पण फसायच्या जागा आहेत. अगदी खालच्या, पिवळ्या पडलेल्या पानाचे कान गळून गेलेले असतात, म्हणून जुनं पान घेऊ नका. भाताचं पहिलं पान पात्याशिवायच येतं, तेव्हा रोप तीन पानांचं होईपर्यंत ही परीक्षा नीट जमत नाही. सर्वांत जास्त लोक चुकतात ते जांभळ्या बुडख्यावरून. पाखडाचा बुडखा बऱ्याचदा लालसर-जांभळा असतो हे खरं, पण काही भातांचाही असतो. नुसत्या रंगावर विसंबून चांगलं रोप फेकलेलं आणि हिरव्या बुडख्याचं पाखड जपलेलं, दोन्ही सर्रास दिसतं.

जोडीला या खुणा ठेवा. भाताचं पातं बोटाला खरखरीत लागतं, पाखडाचं मऊसर. पाखडाची मधली शीर पांढरी उठून दिसते. शंका आलीच तर रोप मुळासकट हलकेच उपटून पाण्यात धुवा. भाताच्या मुळाशी बहुतेक वेळा दाण्याचं तूस चिकटलेलं सापडतं. पाखडाचं बी बारीक, तिथे तसं काही दिसत नाही. शिवाय एक अंदाज, पुस्तकात नसलेला: सकाळी तिरप्या उन्हात बांधावर बसून तरव्याकडे आडवं बघितलं तर पाखडाची पानं जास्त पसरलेली आणि फिकट वाटतात. त्यावरून कुठला कोपरा आधी तपासायचा ते ठरवा. निवाडा मात्र जिभलीवरच करा.

तरव्यातून हात दोनदा फिरायला हवा, पेरणीनंतर बाराव्या-पंधराव्या दिवशी आणि उपटणीच्या आदल्या दिवशी. पहिली फेरी चुकली असेल तर दुसरी सोडू नका. उपटणाऱ्या बायांना काम सुरू होण्याआधी एक भात आणि एक पाखड शेजारी धरून सांधा दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यांच्या बोटांना ते तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळतं. मग बांधून झालेल्या पाच मुठी कुठूनही उचला, सोडा, आतलं पाखड मोजा. मुठीमागे एक-दोनपेक्षा जास्त निघालं तर काम थांबवून सगळ्या मुठी निवडून घ्या. हा आकडा शिफारशीतला नाही, अनुभवाचा आहे.

लावणीची बाकी कामं:
- रोपाचं वय 21 ते 25 दिवस
- आदल्या दिवशी तरव्याला भरपूर पाणी
- अंतर 20 × 15 सेंमी, हळव्या (लवकर पिकणाऱ्या) जातींना 15 × 15
- एका चुडात 2 ते 3 रोपं, उथळ लावणी
- हेक्टरी 100 किलो नत्र, 50 स्फुरद, 50 पालाश. नत्र 40:40:20 टक्के असं तीन वेळा
- रोप धरल्यावर 2.5 ते 5 सेंमी पाणी

आता औषधाचं. तरवा दहा-बारा दिवसांचा असेल तर बिसपायरिबॅक सोडियम 10 टक्के एससी हेक्टरी 200 मिली चालतं. म्हणजे गुंठ्याला 2 मिली. दहा गुंठ्यांच्या तरव्याला 20 मिली औषध आणि 30 लिटर पाणी, 15 लिटरच्या पंपाला 10 मिली. एवढ्यासाठी मोठी बाटली, वर चिकटद्रव्य, वर टॉनिक गळ्यात मारून घ्यायचं कारण नाही. पाणी काढून फवारा, सहा तास तरी पाऊस नको, दोन-तीन दिवसांत पुन्हा पाणी भरा. वीस दिवस उलटून गेले असतील तर तरव्यावर पैसे घालू नका, हातानेच काढा. लावणीनंतर तीन ते पाच दिवसांत प्रेटिलाक्लोर 50 टक्के ईसी हेक्टरी दीड लिटर. हे नव्याने उगवणाऱ्या गवतासाठी आहे, तुम्ही लावून बसलेल्या पाखडासाठी नाही.

दुकानात 'गवत झालंय' एवढंच सांगितलं की मिळेल ती महागडी मिश्र बाटली हातात येते. चार-पाच रोपं मुळासकट उपटून न्या, आणि त्याआधी स्वतः बघा. खोड बोटांत फिरवून तीन धारा लागल्या तर ते लव्हाळ्याच्या जातीचं, गवतच नव्हे; त्यावर फक्त गवत मारणारं सायहॅलोफॉप वाया जातं. पातं अरुंद, खोड बारीक आणि जिभलीच्या कडेला केसांची झालर दिसली तर ते लेप्टोक्लोआ नावाचं दुसरं गवत. त्यावर बिसपायरिबॅक कच्चं पडतं, तिथे सायहॅलोफॉप लागतं. जिभली आहे, पण पेऱ्यांच्या गाठींवर दाट केस आहेत, तर ते इस्किमम नावाचं गवत. भाताच्या गाठी अशा केसाळ नसतात.

देवभाताला मात्र ही परीक्षा लागू पडत नाही. तो भाताचाच रानटी भाऊबंद, जिभली आणि कान हुबेहूब तसेच. तो कळतो निसवल्यावर, म्हणजे लोंबी बाहेर पडल्यावर: लांब कुसळं, पिकण्याआधीच गळणारे दाणे, सोलल्यावर बहुधा लाल तांदूळ. दाणा गळायच्या आत लोंबी कापून पिशवीत घ्या आणि त्या खाचरातलं बियाणं पुढच्या वर्षी ठेवू नका. छत्तीसगडात याच त्रासासाठी जांभळ्या पानांची श्यामला ही जात काढली. त्यात हिरवं दिसेल ते उपटायचं, एवढं सोपं.

वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत नाचणीचं रोप करणाऱ्यांनीही जिभली बघावी. नाचणीची आखूड आणि झालरीची असते, पाखडाला तीही नाही. रान नाचणीला ती नाचणीसारखीच असते, म्हणून तिथे चपटा, पांढरट बुडखा आणि जमिनीसरशी पसरलेली ठेवण बघा.

काढलेलं पाखड लोंबी येण्याआधीचं असेल तर गुरांना घाला, उत्तम वैरण आहे. बी धरलेलं गोठ्यात नेऊ नका. काही बी शेणातूनही जिवंत बाहेर पडतं आणि अर्धवट कुजलेल्या खतातून थेट पुढच्या तरव्यात येतं. बांधावरही टाकू नका, पहिल्याच सरीत ते खालच्या खाचरात उतरतं. खड्ड्यात घालून वरून माती ओढा.