एसीएल तुटलंय, आता ग्राफ्ट कुठला? खेळणाऱ्या पोरांच्या आईबापांसाठी

पंचवटीत कबड्डीच्या सरावाला माझी पोरगी चढाईला गेली, पाय रोवून वळली आणि गुडघ्यात खट्ट आवाज आला, दोन तासांत गुडघा टम्म. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं. ऑपरेशनमध्ये त्याच्या जागी दुसरीकडचं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बसवतात, तोच ग्राफ्ट. तेव्हापासून जे कळलं ते लिहितोय, निर्णय अर्थात तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या.

आधी एक्सरे समोर ठेवून विचारा, वाढीच्या पट्ट्या म्हणजे ग्रोथ प्लेट बंद झाल्यात का. उघड्या असतील तर वाटीखालच्या टेंडनचा, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असलेला ग्राफ्ट टाळतात, कारण तो तुकडा पट्टीत अडकला तर पाय वाकडा किंवा आखूड वाढू शकतो. मृत दात्याचा ग्राफ्ट कोणी सुचवला तर कारण विचाराच, कमी वयाच्या खेळाडूंमध्ये तो जास्त तुटतो.

मग खेळ बघा. पोरगी ब्रेस लावून बाकावर बसलेली, मी शेजारी वही घेऊन, तिच्या जागी खेळणारी मुलगी किती वेळा गुडघ्यावर पडते त्याच्या रेघा मारल्या, अर्ध्या तासात चौतीस! वाटीखालचा ग्राफ्ट मजबूत, हाडाला हाड साधारण ६ आठवड्यांत धरतं, फुटबॉलवाल्यांना चांगलाच, पण गुडघे टेकले की पुढून दुखायची तक्रार त्यात जास्त. कबड्डी, कुस्तीवाल्यांनी हे आधीच बोलून घ्या.

हॅमस्ट्रिंगमध्ये, म्हणजे मांडीमागच्या टेंडनच्या ग्राफ्टमध्ये, ते दुखणं कमी, पण मांडीमागची ताकद घटते, धावणाऱ्यांना ते जाणवतं. आणि जाडी ८ मिमीपेक्षा कमी भरली तर तुटायची भीती वाढते, बारीक पोरींमध्ये हे होतं, म्हणून "कमी भरली तर काय करणार?" हे ऑपरेशनआधीच विचारायचं. सोबत एलईटी, म्हणजे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने पट्टा बसवून जादा आधार, करणार का तेही विचारा, २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात १४ ते २५ वयाच्या खेळाडूंमध्ये नुसत्या हॅमस्ट्रिंगचे दोन वर्षांत शंभरात ११ ग्राफ्ट तुटले, एलईटी केलेल्यांचे ४.

वाटीवरचं क्वाड टेंडन जाड मिळतं, टेकताना त्रास कमी, फक्त पुढची मांडी बरेच दिवस कमजोर राहते. आम्ही हेच घेतलं, कारण आमच्या डॉक्टरांचा हात त्यात बसलेला होता. तुमच्या डॉक्टरांचा हात कशात बसलाय ते बिनधास्त विचारा, चांगला डॉक्टर रागवत नाही.

तारीख घेतानाच फिजिओपण ठरवा, नाशिकरोडहून रोज गंगापूर रोडला जाणं महिनाभरात सुटतं, घराजवळचाच बघा. आणि कोचला आत्ताच सांगून ठेवा, ९ महिन्यांच्या आत मॅटवर नाही, जिल्ह्याची निवड चाचणी असली तरी नाही.