तळ्याकाठची जुनी सेप्टिक टाकी आणि 'हलवा' म्हणणारी नोटीस: माझा अनुभव

नवे झोनिंग नियम (कुठे काय बांधता येतं ते ठरवणारे) आले आणि नोटीस आली: टाकी पाण्यापासून ठरलेल्या अंतराच्या आत आहे, हलवा. 'टाकी जुनी आहे' असा अर्ज केला, फेटाळला. सवलत मागितली, तीही नाही. आठ महिने नुसते खेटे.

शेवटी ज्या क्रमाने काम झालं तो असा. आधी नियमातलं जुन्या बांधकामांचं कलम शोधलं. त्यात वापर चालू ठेवायला दोनच अटी होत्या: बांधताना परवाना होता हे दाखवा आणि गळती नाही हे दाखवा. घराच्या जुन्या फायलीत परवाना आणि नकाशा सापडला.

मग टाकी उपसून घेतली, तीही कोरड्या दिवसांतच. भूजल वर असताना रिकामी टाकी पाण्याच्या दाबाने जमिनीतून वर उचलली जाऊ शकते, हे मला उपसा करणाऱ्या गाडीवाल्याने सांगितलं. भिंतींचे आणि पाणी बाहेर नेणाऱ्या टी-पाइपचे (इंग्रजी T च्या आकाराचा पाइप) फोटो काढले. पाइपच्या तोंडाला बूच मारून त्याच्या थोडं खालपर्यंत साधं पाणी भरलं, खडूने रेघ ओढली, चोवीस तास घरातला नळ बंद. रेघ जागेवर. बूच काढून संडासात हिरवा रंग ओतला आणि काही दिवस तळ्याचा काठ पाहिला. शोषखड्ड्याच्या बाजूने रंग उतरला नाही.

हे सगळं जोडून नव्या अर्जात 'सवलत द्या' ऐवजी 'पाहणी करा' असं लिहिलं. पाहणी झाली, नोटीस मागे. ठरलेल्या मुदतीत उपसा करून पावती द्यायची, एवढीच अट.