चीनला निघालात? या चुका घरीच टाळा

चीनमध्ये भाषेवाचून अडेल ही भीती आता फारशी खरी नाही. भाषांतराचं अ‍ॅप समोर धरलं की दुकानदार स्वतःच त्यात बोलू लागतो. अडतो तो फोन. गूगल प्ले तिथल्या वायफायवर किंवा सिमवर उघडत नाही, म्हणजे विसरलेलं अ‍ॅप उतरल्यावर घेऊ म्हणून चालत नाही. सगळी तयारी मुंबई-पुण्यातच उरकावी लागते.

आधी व्हिसा. यूट्यूबवरचे युरोपीय प्रवासी '२४० तास व्हिसाशिवाय' असं सांगत फिरतात. ते ५५ देशांच्या नागरिकांसाठी आहे, त्यात भारत नाही. आपल्याला पर्यटक व्हिसा जुलै २०२५ पासून पुन्हा मिळू लागलाय, तो काढूनच निघायचं.

सर्वांत जास्त फजिती होते पैशांवरून. यूपीआयच्या सवयीने क्यूआर कोड पाहून हायसं वाटतं, पण ते कोड अलीपे आणि वीचॅट या चिनी अ‍ॅपचे. दोन्ही अ‍ॅप घरीच उतरवा, पासपोर्टने ओळख पडताळा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं बँक कार्ड जोडा. इथेच गाडी अडते: आपल्या बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावे लागतात. शिवाय ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तेव्हा ते सिम काढून ठेवू नका, रोमिंगवर जिवंत ठेवा. परदेशी कार्डावरून २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे शुल्क घेत नाही, त्यावर ३ टक्के. पैसे गेलेच नाहीत तर दुसरं अ‍ॅप, मग दुसऱ्या बँकेचं कार्ड, मग रोकड. रोकड नाकारायला कायद्याने बंदी आहे, पण सुटे देताना दुकानदाराचं तोंड वाकडं होतं. १० आणि २० च्या नोटा जवळ असू द्या.

व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही? आधी हॉटेलचं वायफाय बंद करून बघा. भारतीय सिमच्या रोमिंगवर डेटा आपल्या कंपनीमार्फत फिरतो, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल चालतात. तिथल्या वायफायवर किंवा स्थानिक सिमवर नाहीत. गूगल मॅप्स उघडला तरी त्यावर विसंबू नका. चीनची नकाशापद्धत वेगळी असल्याने तुमचा ठिपका काहीशे मीटर सरकलेला दिसू शकतो. अ‍ॅमॅप हे तिथलं नकाशाचं अ‍ॅप घ्या, आणि हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत फोटो काढून ठेवा. टॅक्सीवाल्याला इंग्रजी नाव दाखवून उपयोग नसतो.

रेल्वेत पासपोर्ट हेच तिकीट. आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव बहुधा स्वतःच्या नावाच्याच रकान्यात असतं; तिकीट काढताना नाव जसंच्या तसं भरा, गाळू नका. स्वयंचलित दाराने पासपोर्ट वाचला नाही तर घाबरायचं कारण नाही, शेजारी माणूस बसलेली रांग असते. स्टेशनचं पूर्ण नाव मात्र तपासा. शांघाय आणि शांघाय होंगछियाओ ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. आत शिरताना सामान तपासतात, फळं कापायची सुरी तिथेच जप्त होऊ शकते.

बीजिंगच्या राजवाड्याचं, म्हणजे फॉरबिडन सिटीचं तिकीट दारात मिळेल असं धरून जाणारे परत फिरतात. ते ७ दिवस आधी, बीजिंगच्या रात्री ८ वाजता खुलं होतं. आपल्याकडे तेव्हा साडेपाच. सोमवारी राजवाडा सहसा बंद असतो. १ ऑक्टोबरपासूनच्या सुट्टीच्या आठवड्यात तर जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो.

शाकाहाऱ्यांनो, नुसतं 'मांस नको' म्हणू नका. टोफूवर डुकराचा खिमा पेरलेला येतो, भाजी चरबीत परतलेली किंवा ऑयस्टर सॉसमध्ये असू शकते. मांस, मासे, अंडी, चरबी, मांसाचं पाणी काहीच नको, असं चिनीत लिहून घेतलेलं फोनमध्ये ठेवा. बौद्ध शाकाहारी हॉटेलं शोधा; तिथं बहुधा कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींची सोय होते. चिवडा-लाडू न्या, ताजी फळं मात्र नकोत, कस्टम्स काढून घेतात.

पॉवरबँकचं नवं लचांड: जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानात ३सी हा चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राचा शिक्का नसलेली पॉवरबँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्यावर तो सहसा नसतो. तिथेच विकत घ्या.