लिव्हर सोडून दुसऱ्या गाठीसाठी आरएफए सांगितलंय? जायच्या आधी हे बघून घ्या

आरएफए म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी अॅब्लेशन, सुई घालून करंटच्या उष्णतेने गाठ जागच्या जागी जाळायची पद्धत. हे नाव काढलं की बहुतेकांना लिव्हरच आठवतं, नेटवर सापडणारी माहिती पण बरीचशी लिव्हरचीच असते. पण किडनी, फुफ्फुस, हाड, थायरॉईड इथल्या गाठींनाही हेच करतात आणि तिथली काळजी प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. मी सीटी विभागात टेक्निशियन आहे. सुई डॉक्टरच घालतात, पण पेशंटला टेबलावर नीट झोपवणं, मांड्यांना पॅड लावणं, सुई जरा पुढे सरकली की परत स्कॅन घेणं हे आमच्याकडे असतं, आणि बाहेर बसलेल्या घरच्यांचे प्रश्न पण आधी आमच्याकडेच येतात. त्यातलेच इथे घेतलेत.

आधी हे होतं कसं ते थोडक्यात. सुईच्या टोकातून साधारण ४०० ते ५०० किलोहर्ट्झचा करंट सोडतात, त्याने टोकाभोवतीच्या मांसातले आयन जोरात मागेपुढे हलतात आणि त्या घर्षणाने तिथलं मांस आतूनच तापतं. ५० डिग्रीला पेशी मरायला काही मिनिटं लागतात, ६० च्या वर जवळजवळ लगेच मरतात. मग लोक म्हणतात एकदाच भरपूर तापवा ना, पण १०० च्या वर गेलं की मांस करपतं, वाफ धरते, करंट पुढे जायचा थांबतो आणि कडेची गाठ तशीच राहते. म्हणून सगळं हळूहळू, मशीनवरचे आकडे बघत चालतं.

डॉक्टरांना पहिले दोन प्रश्न विचारायचे, गाठ केवढी आहे आणि तिच्या शेजारी काय आहे. साधारण ३ सेमीच्या आतली गाठ चांगली जळते, त्यापेक्षा मोठी असेल तर अर्धवट राहण्याची भीती वाढते, कारण नुसती गाठ जाळून भागत नाही, चारी बाजूंनी थोडा चांगला भाग पण जळावा लागतो. शेजारून मोठी रक्तवाहिनी जात असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि त्या बाजूच्या पेशी वाचतात. आणि आतडं, नस (म्हणजे मज्जातंतू, रक्ताची नस नव्हे), मूत्रनलिका असं काही चिकटून असेल तर ते भाजायचा धोका. रिपोर्टमधे साईज लिहिलेली असते, पण शेजाऱ्यांचं नीट कळायला फिल्मच बघाव्या लागतात, त्यामुळे ओपिनियन घ्यायला नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या.

आता हाडाचं, कारण इथे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची एक छोटी गाठ असते, कॅन्सर नाही, बहुतेक वेळा दीड सेमीपेक्षा लहान, शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलांना होते, मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त, आणि मांडीच्या नाहीतर नडगीच्या हाडात जास्त सापडते. ओळखायची खूण म्हणजे रात्री दुखणं. मूल झोपेतून उठून रडतं, आयब्युप्रोफेनसारखी गोळी दिली की तासाभरात शांत झोपतं, दुसऱ्या रात्री परत तेच. हे वाढीच्या वयाचं दुखणं आहे, शाळेत जायचा कंटाळा आहे असं म्हणून महिने निघून जातात, साध्या एक्सरेत कधीकधी गाठ दिसतही नाही आणि पोरगं बिचारं गोळ्यांवर जगत राहतं. एकाच पायात, एकाच जागी, रात्री दुखतंय आणि गोळीने थांबतंय असं असेल तर हाडांच्या डॉक्टरांना सीटीबद्दल स्वतःहून विचारा. पूर्वी यासाठी ऑपरेशन करून हाडाचा तुकडा काढायचे. १९९२ मधे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सुईने जाळायची पद्धत पहिल्यांदा प्रसिद्ध केली आणि आज बहुतेक ठिकाणी तीच पहिली पसंती आहे. सीटीवर बघत हाडाला बारीक भोक पाडतात, सुईचं टोक गाठीच्या मधोमध नेतात आणि साधारण ९० डिग्रीला ६ मिनिटं धरतात. मुलाला पूर्ण भूल का देताय असं आईवडील विचारतातच, तर गाठीत सुई शिरते तो क्षण फार दुखतो, भुलीतल्या मुलाचे सुद्धा ठोके आणि श्वास त्या वेळी एकदम वाढलेले मॉनिटरवर दिसतात. बरीच मुलं त्याच नाहीतर दुसऱ्या दिवशी चालतात, काही दिवसांत रात्रीचं दुखणं जातं. पण हाडाला भोक पडलेलं असतं, त्यामुळे धावणं, उड्या, क्रिकेट किती महिने बंद ते विचारून घ्या आणि पोराने कितीही हट्ट केला तरी पाळा. गाठ मणक्यात असेल तर नस जवळ असते, तिथे अनुभवी माणूसच हवा.

कॅन्सर हाडात पसरलाय म्हणून आरएफए सांगितलं असेल तर ते मुख्यतः दुखणं कमी करायला असतं, आजार बरा करायला नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच स्पष्ट सांगा.

किडनीत लहान, बाहेरच्या बाजूला फुगलेली गाठ सगळ्यात सोयीची. एकच किडनी आहे, क्रिएटिनिन वाढलेलं आहे (म्हणजे किडनी कमी काम करतेय), हार्टमुळे मोठं ऑपरेशन झेपणार नाही, अशांना याचा खरा फायदा. बायोप्सी आधीच करून घ्या, कारण जाळल्यावर तपासायला धड काही उरत नाही. आतडं जवळ असेल तर मधे पाणी सोडून ते बाजूला सारतात, आणि ते साधं सलाईन नसतं, डेक्स्ट्रोज ५ टक्के असतं, कारण मिठाच्या पाण्यातून करंट वाहतो. नंतर एखाद दिवस लघवी लालसर होऊ शकते, पण गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली तर लगेच कळवायचं.

फुफ्फुसात मुख्य त्रास म्हणजे सुईच्या वाटेने हवा बाहेर येऊन छातीत साठणं. हे बऱ्यापैकी कॉमन आहे, काहींना नळी टाकावी लागते, त्यामुळे संध्याकाळी घरी येऊ असं धरून चालू नका आणि लगेचचं विमानाचं तिकीट काढून ठेवू नका.

थायरॉईडच्या साध्या गाठींना हे सोनोग्राफीवर, फक्त जागा बधिर करून करतात. गाठ साधीच आहे हे सुईच्या तपासणीने पक्कं झालेलं हवं, शक्यतो दोनदा. मधेमधे डॉक्टर तुम्हाला बोलायला लावतात, आवाजाची नस गाठीच्या मागेच असते म्हणून. गाठ त्याच दिवशी नाहीशी होत नाही, सहा महिने ते वर्षभरात हळूहळू बारीक होते, तेवढा धीर ठेवा.

तयारीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लपवायचं काही नाही. पेसमेकर असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, शरीरातल्या करंटमुळे त्यात गडबड होऊ शकते. मांडीत किंवा खुब्यात रॉड, प्लेट असेल तर तेही सांगा, पॅड कुठे लावायचे ते त्यावर ठरतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी बंद करायच्या ते लिहून घ्या, आणि हार्टमधे स्टेंट असेल तर हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने बंद करू नका. अॅड्रिनल ग्रंथीची (ही किडनीच्या डोक्यावर असते) गाठ असेल तर बीपी एकदम भडकू शकतं, त्याची औषधं बरेच दिवस आधी सुरू करतात. सकाळी उपाशीपोटी या, बीपी-शुगरच्या गोळ्यांचं भूलवाल्या डॉक्टरांना विचारा. अंगाला, विशेषतः मांड्यांना, तेल किंवा क्रीम लावू नका, करंट परत जायला तिथेच मोठे पॅड चिकटवतात आणि एखादा नीट चिकटला नाही तर कडेला कातडी भाजू शकते. घरी गेल्यावर मांड्या एकदा उजेडात बघा, लाल पट्टा किंवा फोड दिसला तर फोटो काढून पाठवा.

पहिले काही दिवस बारीक ताप, अंग मोडून येणं, जेवण नको वाटणं हे चालतं, मेलेल्या पेशींमुळे होतं. ताप १०१ च्या वर जात राहिला, थंडी वाजली, धाप लागली किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं तर फोन करून वाट बघत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

कॅन्सरच्या गाठींना पुढची सीटी किंवा एमआरआय बहुतेक एक ते तीन महिन्यांनी असते आणि तिथे लोक फार घाबरतात, कारण जळालेला भाग मूळच्या गाठीपेक्षा मोठा दिसतो, फुफ्फुसात तर खासच. साईज बघून रडू नका. डॉक्टर बघतात ते डाय (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर तिथला एखादा भाग उजळतोय का, उजळला तर गाठ जिवंत राहिल्याचा संशय, मग परत सुई घालता येते. पेट स्कॅन (PET, पोटाचा नव्हे, कॅन्सरच्या पेशी चमकून दाखवणारा) फार लवकर केला तर नुसत्या सुजेमुळेही चमकतो, म्हणून कधी करायचा ते ज्यांनी आरएफए केलं त्यांनाच ठरवू द्या, आणि दर वेळी आधीच्या सगळ्या सीडी बरोबर न्या, तुलना केल्याशिवाय या स्कॅनचा अर्थ लागत नाही.