किराण्याचा तुटवडा पडण्याआधी घराची बेगमी कशी करावी

“वरून मालच आला नाही.” दुकानदाराच्या तोंडून हे ऐकलं की बहुतेक जण एकतर दुसऱ्या दुकानाकडे धाव घेतात, नाहीतर समोर दिसेल ते दुप्पट उचलतात. दोन्हींत पैसे जास्त जातात आणि शेजारच्याला मिळायचं तेही मिळत नाही. बेगमी करायची ती माल मुबलक आणि स्वस्त असताना. कप्पे रिकामे दिसू लागल्यावर नाही.

कोकणात आणि आगरी-कोळी घरांत मे महिन्यात आगोटीची म्हणजे पावसाळ्याआधीची खरेदी होते ती याच हिशेबाने. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, रस्त्यांचा भरवसा नाही, म्हणून सुकट, बोंबील, जवळा, मसाला, कोकम, तांदूळ आधीच डब्यांत गेलेलं असतं. अलिबागच्या वाटेवर पांढऱ्या कांद्याच्या माळा विकायला दिसतात त्याही याच दिवसांत. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात एवढं सगळं मावणार नाही, पण ही पद्धत तिथेही बसवता येते. ती अशी.

पायरी १ : तुटवडा कशामुळे आहे ते आधी ओळखा

किती साठवायचं हे तुटवडा किती दिवस टिकणार यावर ठरतं, आणि ते त्याच्या कारणावर.

रस्ता बंद झाला असेल तर प्रश्न दिवसांचा असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग जवळपास आठवडाभर बंद होता. ट्रकच्या रांगा लागल्या आणि तिकडून मुंबई-पुण्याला येणारं दूध अडलं. रस्ता उघडल्यावर दूध परत सुरू झालं. अशा वेळी घरात आठवड्याचं सामान आणि थोडी दूध पावडर असली की निभावतं.

बाजारपेठच पाण्याखाली गेली तर मात्र जास्त दिवस लागतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारात पाणी शिरलं, तेव्हा दुकानांतला आणि गोदामांतला मालच वाया गेला. वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग वाहून गेल्याने महामार्गही तुटला. रस्ता झाला तरी चिखल काढून, नवा माल भरून दुकान उभं करायला वेळ लागतो. नदीकाठच्या, खाडीकाठच्या गावांनी म्हणूनच पंधरवड्याचा नाही, महिन्याचा विचार करावा, आणि सामान जमिनीवर न ठेवता माळ्यावर ठेवावं.

पीक बुडालं तर महिने लागतात, कारण नवं पीक यायलाच तेवढा काळ जातो. परदेशातून येणाऱ्या वस्तूंचं गणित आणखी वेगळं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि सूर्यफूल तेल महागलं. पाठोपाठ एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात थांबवली, ती मे महिन्यात पुन्हा उघडली. तेव्हा शेंगदाण्याचं तेल वापरणाऱ्या घरालाही झळ बसली, कारण एक तेल चढलं की बाकीची तेलंही चढतात.

आणि अफवा. नोव्हेंबर २०१६ मध्ये उत्तर भारतात मीठ संपल्याची आवई उठली आणि लोकांनी दुकानांसमोर रांगा लावून कितीतरी पट भावाने मीठ घेतलं. समुद्रकिनारा आणि कच्छचं रण असलेल्या देशात मीठ असं एका रात्रीत संपत नाही. मोबाइलवर असा निरोप आला की पुढे पाठवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : ही वस्तू पिकते कुठे, आणि तिथून इथवरची वाट खरंच बंद आहे का?

पायरी २ : घरचा खप मोजा

“आमच्याकडे तेल फार लागतं” याला मोजमाप म्हणत नाहीत. तेलाचा डबा फोडला की त्यावर कागदी चिकटपट्टी लावून तारीख लिहा. संपला की दुसरी तारीख. चहा, साखर, डाळ, कणीक, साबण, कपडे धुण्याची पावडर, सगळ्यांना हेच. दोन महिन्यांत घराचा खरा खप कळतो. १५ किलोचा डबा चार महिन्यांत संपत असेल तर महिन्याला पावणेचार किलो तेल लागतं. मग ते दोन किलोवर कसं आणायचं याचा विचार करता येतो. हा विचार तब्येतीसाठीही करण्यासारखा आहे.

तेलाच्या डब्यावर लिटर लिहिलंय की किलो, तेही पाहा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात ते साधारण १३.६ किलोच भरतं. दोन डब्यांचे भाव ताडताना ही सव्वा-दीड किलोची तफावत हमखास नजरेतून सुटते.

पायरी ३ : काय, कधी आणि किती भरायचं ते ठरवा

वर्षाचं भरण्यासारखं फार थोडं आहे : गहू, तांदूळ, मिरची, हळद, चिंच, कोकम. तूरडाळ जागा असेल तरच. यांचा नवा माल साधारण फेब्रुवारी ते मे या काळात बाजारात असतो आणि ऊनही कडक असतं. वाळवायला ऊन नसताना वर्षाचं धान्य घेऊ नये. जूननंतर घेतलेला गहू कितीही चांगला दिसला तरी दमट असण्याचा धोका राहतो.

तेल, साखर, पोहे, चहा, डाळी, साबण यांचा महिन्याचा खप आणि वर पंधरा दिवसांचा साठा पुरे. फोडलेलं तेल फार दिवस राहिलं तर ते खवट होऊ शकतं. रवा, मैदा, बेसन पावसाळ्यात कमीच आणावं. रवा आणल्या दिवशी कोरडा भाजून ठेवला की पोरकिडे होत नाहीत.

कणीक वेगळी लक्षात ठेवा. गव्हाची कोठी भरलेली असते, पण पुरात वीज जाते आणि गिरणी बंद पडते. म्हणून पावसाळ्यात निदान आठवड्याचं पीठ दळलेलं असू द्या. त्याहून जास्त दळून ठेवू नका, कारण दमट हवेत पीठ लवकर कडवट होतं.

यादी करताना किराण्याच्या नादात औषधं मागे पडतात, आणि खरी अडचण तिथेच होते. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांच्या गोळ्या, तान्ह्या बाळाची पावडर, सॅनिटरी पॅड यांचा पंधरा दिवसांचा जादा साठा हवाच. डाळीऐवजी दुसरी डाळ शिजते, पण बाळाची पावडर अशी बदलता येत नाही.

गॅसचं म्हणाल तर दुसरा सिलिंडर असेल त्यांनी पहिला संपून दुसरा जोडला त्याच दिवशी नंबर लावावा. घरपोच आलेला सिलिंडर वजन करून घ्या. त्याच्यावर रिकाम्या सिलिंडरचं वजन रंगवलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवलं की भरलेल्याचं वजन निघतं. दोनाहून जास्त सिलिंडर घरात साठवणं धोक्याचं आहे, तसं करू नका.

पायरी ४ : धान्य आणि कांदा टिकवा

गहू उन्हात दिल्यावर चार दाणे दाताखाली धरून पाहा. कट्कन तुटला तर वाळला. दाबला गेला तर अजून एक ऊन हवं. वाळलेला गहू लगेच डब्यात भरू नका, गरम धान्य भरलं की आतून घाम येतो. सावलीत पूर्ण निवू द्या. मग तळहाताला एरंडेल घेऊन दाण्यांना चोळा, इतकंच की पुसटशी चकाकी यावी. डबा कोरडा, झाकण घट्ट, मध्ये मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला. डब्यात ओला चमचा किंवा ओलं माप घालायचं नाही, हा नियम घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. गोदामांत धान्याला कीड लागू नये म्हणून अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात, त्या घरात आणू नका, कोणी कितीही खात्रीने दिल्या तरी. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावली आहेत. गहू किडला तर चाळता येतो, टाकून देता येतो.

कांद्याला आपल्याकडे सगळ्यांत जास्त जपावं लागतं. मार्च ते मे दरम्यान निघणारा उन्हाळी कांदा टिकतो. शेतकऱ्यांच्या कांदाचाळींत, म्हणजे हवेशीर साठवणघरांत, हाच ठेवलेला असतो आणि दिवाळीच्या सुमारास खरिपाचा लाल कांदा येईपर्यंत यावरच सगळ्यांची भिस्त असते. २०१९ मध्ये पावसाने तो नवा कांदा शेतातच सडवला. सप्टेंबरात निर्यात थांबवूनही डिसेंबरात कांदा शंभरी ओलांडून गेला. म्हणजे घरात कांदा हवा असतो तो सप्टेंबर ते नोव्हेंबर या दिवसांसाठी, आणि घ्यायचा असतो मे महिन्यात.

घेताना मध्यम आकाराचा, बारीक मानेचा, वरची साल कुरकुरीत वाजणारा निवडा. जाड मानेचा, डेंगळा (फुलाचा दांडा आलेला) कांदा आधी सडतो, जोडकांदाही वर्ज्य. अंगठ्याने मानेजवळ दाबा, आत गेला तर ठेवून द्या. घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच काढा. जाळीच्या पिशवीत टांगा किंवा बांबूच्या टोपलीत पातळ थर पसरा. हवा खेळली पाहिजे, ऊन आणि पाऊस नको. शेजारी बटाटे ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. दर रविवारी हात फिरवा. एक सडका कांदा राहिला तर आठवड्यात आसपासचे चार घेऊन जातो. कोंब आलेले आधी वापरा. आणि इतकं जपूनही काही कांदे जाणारच, तेव्हा लागतात त्याहून थोडे जास्त घ्या.

टोमॅटो असा साठवता येत नाही. जुलै २०२३ मध्ये तो काही शहरांत किलोला दोनशेच्या घरात गेला आणि ऑगस्ट संपता संपता उतरलाही. तेवढे दिवस तो न खाणं हाच मार्ग.

पायरी ५ : पर्याय तयार ठेवा

मराठी स्वयंपाकात यासाठी फार मोठी सोय आहे, ती आपण विसरत चाललोय. टोमॅटो नाही तर आमसूल, चिंच, कैरीची आमचूर, ताक. कांदा नाही तर वाटणात भाजलेलं सुकं खोबरं आणि तीळ वाढवा. भज्यांना कोबी चालतो. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत तर चार महिने त्याविनाच रुचकर जेवण होतं, त्यांच्याकडून दोन पाककृती विचारून घ्या. तूरडाळ चढली की मूग आणि मसूर निम्मे निम्मे मिसळून वरण करा. भाजीवाला आला नाही तर वाल, मटकी, चवळी भिजवा. आठवड्याच्या पंधरा-वीस जेवणांची अशी एक यादी स्वयंपाकघरात चिकटवून ठेवली की ऐन वेळी घाबरगुंडी उडत नाही.

पायरी ६ : दुकानदाराशी बोला

गल्लीतल्या वाण्याला बरंच ठाऊक असतं. कंपनीचा माणूस ऑर्डर घ्यायला कोणत्या वारी येतो, गाडी कधी उतरते, कोणता माल महिनाभर आखडता येतोय हे विचारलं तर तो सांगतो. गाडी उतरते त्या दिवशी जाणं एवढ्यानेही अर्धं काम होतं. मोठं पाकीट नसेल तर छोटी पाकिटं पाहा, ठरावीक छाप नसेल तर त्याच मालाची स्थानिक छाप पाहा. अॅपवर “उपलब्ध नाही” दिसलं तरी गल्लीत माल असू शकतो, कारण दोघांची गोदामं वेगळी असतात.

दुकानदाराने माणशी एकच पिशवी देतो म्हटलं तर वाद घालू नका. तो बरोबर करतो आहे. आपल्या मागे रांगेत रोजच्या मजुरीवर रोजचं सामान घेणारी माणसं उभी असतात, त्यांना आधी भरून ठेवणं जमत नाही. आपण मे महिन्यात भरलं तर जुलैच्या रांगेत आपण नसतो, आणि ती एक पिशवी त्यांना मिळते.

मात्र पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे कोणी मागितले तर देऊ नका. तो गुन्हा आहे, तुटवडा असला तरी. बिल मागा, पाकिटाचा फोटो काढा आणि वैधमापन कार्यालयाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

पायरी ७ : मागवलेली वस्तू रखडली तर

मिक्सर, फ्रिज, कपाट अशा वस्तूंना उशीर होतो तेव्हा तोंडी वायद्याला काही अर्थ नसतो. आगाऊ रक्कम देताना पावतीवर वस्तूचं मॉडेल, दिलेली रक्कम आणि पोचवण्याची तारीख लिहून घ्या. “आठ-दहा दिवसांत” असं नको, तारीखच हवी. पूर्ण पैसे आधी देऊ नका. तारीख टळली की फोनऐवजी मेसेज किंवा ईमेल करा, म्हणजे पुरावा राहतो.

ऑनलाइन खरेदीत ग्राहकाची बाजू अधिक भक्कम आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सांगितलेल्या मुदतीनंतर आलेली वस्तू परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पूर, वादळ अशा त्याच्या हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल तर तेवढी सूट त्याला आहे. म्हणून ऑर्डर देताना दाखवलेल्या तारखेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. नंतर तीच तारीख पुढे सरकलेली दिसते आणि आधीची सिद्ध करायला हातात काही उरत नाही.