स्वमग्न लेकराचा पहिला शब्द येण्याआधी

“याचा बापही उशिरा बोलला होता” हे वाक्य आमच्या भागात घरोघरी ऐकायला मिळते आणि त्या भरवशावर पेरणीपासून कापूसवेचणीपर्यंत एकेक हंगाम निघून जातो. दोन वर्षांचे लेकरू दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवण्याऐवजी आपला हात धरून तिकडे ओढत नेत असेल, तर थांबू नये. आधी कानांची तपासणी करावी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवावे. तेथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवले जाते.

स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाल्यावर वाचा-उपचार (स्पीच थेरपी) सुरू झाले, तरी गावातून एसटीने आठवड्यात एकदाच जाणे जमते, म्हणून खरे काम घरीच होते. उपचारतज्ज्ञ मुलाशी कसे वागतात, हे शेजारी बसून पाहू द्यावे, अशी विनंती अवश्य करावी.

माझा मुलगा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी उलटा करून तासन्‌तास त्याचे चाक फिरवायचा. मी नंदी हिसकावून “बैल म्हण, बैल” असा धोशा लावायचे आणि तो किंचाळायचा. ती माझी चूक होती. नंतर मी त्याच्यासमोर जमिनीवर बसून, माझा चेहरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणून, “फिर, फिर” म्हणत त्याच्यासोबतच चाक फिरवू लागले. मग चाकावर हात ठेवून ते थांबवायचे, त्याच्याकडे पाहायचे आणि मनात पाच आकडे मोजायचे. पहिल्यांदा त्याने नुसते वर पाहिले, तेवढ्यावरच मी चाक सोडले. ती नजर हीच त्याची पहिली मागणी होती. बोट, हातवारे, चित्र यांनाही असेच लगेच उत्तर द्यावे, कारण खुणांनी बोलणे मागे पडत नाही.

घरात वऱ्हाडी बोलत असाल तर वऱ्हाडीच बोलावी. मात्र आजीने “पानी”, आईने “पाणी” आणि काकाने “वॉटर” म्हणू नये; सर्वांनी मिळून एकच शब्द ठरवावा आणि पेला हातात देतानाच तो म्हणावा. जेवताना मोबाईल दूर ठेवावा, कारण पडदा मुलाच्या उत्तराची वाट पाहत नाही. वाजंत्रीच्या आवाजाने लेकरू कान झाकून रडले तर त्याला बाजूला न्यावे, हट्टी म्हणून रागावू नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असल्याने दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्यावे. ‘निरामय’ योजनेतून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात उपचारांच्या खर्चाचाही विचार होतो. केंद्रातल्या प्रत्येक भेटीचे कागद एकाच पिशवीत, तारखेनुसार लावून ठेवावेत.